जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचं क्लब रेसिंग: गाडीचा वर्ग ठरतो कसा?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थिरावलेल्या आणि जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न सतत येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न 'कुठली गाडी घेऊ?' हाच असतो. तो मुद्दाम खाली ढकलला आहे. गाडी आधी घेतली आणि वर्ग नंतर शोधला की खिशाला मोठं भोक पडतं, हे पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करून तयार करण्याच्या जागेत, दर हंगामात बघायला मिळतं. खालची माहिती मुख्यतः अमेरिकेतल्या हौशी क्लब रेसिंगची आहे. ब्रिटन, युरोप आणि भारताबद्दलही थोडं लिहिलं आहे.

वर्ग आणि रन ग्रुप यात फरक काय?

रन ग्रुप म्हणजे एका वेळी ट्रॅकवर सोडलेल्या गाड्या. वर्ग म्हणजे निकालाच्या कागदावर तुमची तुलना ज्यांच्याशी होणार त्या गाड्या. एका ग्रुपमध्ये चार-पाच वर्ग सहज असतात, त्यामुळे ग्रुपमध्ये अठरावे येऊन वर्गात पहिले येणारे लोक असतात आणि त्यांना त्याचा रास्त अभिमानही असतो.

ग्रुप करताना आयोजक मुख्यतः वेगातली तफावत बघतात. मोठ्या व्ही-८ इंजिनाची कॉर्व्हेट आणि ९४८ सीसीची स्प्राइट एकत्र सोडल्या, तर सरळ रस्त्यावर स्प्राइटवाल्याने आरशात बघून मान पुढे करेपर्यंत कॉर्व्हेट शेजारी आलेली असते. ते कोणालाच नको असतं. म्हणून लहान इंजिनांचा ग्रुप वेगळा, मोठ्या व्ही-८ वाल्यांचा वेगळा आणि उघड्या चाकांच्या, एका सीटच्या फॉर्म्युला गाड्यांचा वेगळा. नोंदी कमी आल्या तर दोन ग्रुप एकत्र करतात, पण मग बहुधा सुरुवात दोन टप्प्यांत देतात. वेगवान गाड्या आधी सुटतात आणि मध्ये अंतर ठेवून बाकीच्या.

सीसी बघून वर्ग ठरवले की झालं, एवढा खटाटोप कशाला?

आधी तसंच होतं. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, १९४४ साली सुरू झाला. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावाच्या रस्त्यांवर युद्धानंतरची पहिली मोठी रोड रेस झाली आणि तेव्हापासून पुढची बरीच वर्षं इंजिनाच्या आकारावरच वर्ग पाडले जात. दीड लिटरपर्यंत एक अक्षर, दोन लिटरपर्यंत दुसरं, तीन लिटरपर्यंत तिसरं.

अडचण कुठे झाली ते एका जोडीवरून कळेल. एमजी टीएफ १५०० चं इंजिन १,४६६ सीसीचं आणि पोर्श ३५६ च्या १५०० चं १,४८८ सीसीचं. कागदावर जुळी भावंडं. प्रत्यक्षात एमजीचं रेडिएटर उभं, मडगार्ड वेगळे, मागचा अ‍ॅक्सल लीफ स्प्रिंगवर. पोर्श मात्र गोलसर अंगाची, वाऱ्याला वाट देणारी, चारही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर. सीसी सारखे म्हणून दोघींना एका रांगेत उभं करणं म्हणजे वजनगट जुळले म्हणून शाळेतल्या पोराला तालमीतल्या पैलवानासमोर उतरवणं.

दोन लिटरच्या वर्गातही तेच. ट्रायम्फ टीआर३ आणि एसी कंपनीची ब्रिस्टल इंजिनाची एस (Ace) यांचे सीसी जवळपास सारखेच, पण एसी एस जिंकतच सुटली. तिला ई प्रॉडक्शन या वर्गातून वरच्या डी मध्ये ढकललं, तिथेही जिंकली; मग सी मध्ये ढकललं. तोवर साधारण १९६० च्या सुमाराला एससीसीएने धोरणच बदललं होतं. उत्पादित स्पोर्ट्स गाड्यांचे वर्ग इंजिनाच्या आकारापेक्षा गाडी प्रत्यक्षात किती वेगाने लॅप मारू शकते, या अंदाजावर ठरू लागले. आजच्या व्हिंटेज वर्गांचं मूळ तिथे आहे.

मग एपी, बीपी, सीपी ही अक्षरं सांगतात तरी काय?

पी म्हणजे प्रॉडक्शन, कारखान्यातून विक्रीसाठी बनलेली गाडी. अक्षर जितकं पुढचं तितकी गाडी हळू. ए प्रॉडक्शनमध्ये ४२७ घन इंचाच्या कोब्रा आणि कॉर्व्हेट. बी मध्ये शेल्बी जीटी३५० सारख्या. १९७० आणि १९७१ साली सी प्रॉडक्शनचं राष्ट्रीय अजिंक्यपद जॉन मॉर्टनने पीट ब्रॉकच्या चमूच्या डॅटसन २४०झेडमध्ये मिळवलं. समोर पोर्श ९१४-६ होत्या. तळाला एच प्रॉडक्शन, तिथे बेडकासारखे डोळे असलेली पहिली ऑस्टिन-हीली स्प्राइट.

ही अक्षरं कायमची नसतात. गाडी फार जिंकू लागली की वर सरकवायची, मागे पडू लागली की खाली आणायची किंवा तिला एखादी सवलत द्यायची. नट पॉल न्यूमनने १९७६ साली पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं ते ट्रायम्फ टीआर६ मध्ये, डी प्रॉडक्शनमध्ये. १९७९ चं डॅटसन २८०झेडएक्समध्ये, सी प्रॉडक्शनमध्ये. हौस म्हणून चाळिशी उलटल्यावर सुरू केलेला माणूस दोन वेगळ्या वर्गांत अजिंक्य ठरला, म्हणून आमच्या पॅडॉकमध्ये सिनेमापेक्षा या दोन गाड्यांची चर्चा जास्त होते.

त्यामुळे 'माझी गाडी डीपीची आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या वर्षीच्या नियमपुस्तकातली डीपी, हे सांगावं लागतं.

मस्टँग तर चार माणसांची गाडी. तिची शेल्बी जीटी३५० स्पोर्ट्स कार कशी ठरली?

हा माझा आवडता प्रश्न, कारण वर्गाचे नियम गाडीला कसा आकार देतात हे इथे उघड दिसतं.

१९६४ साली मस्टँग धडाक्यात खपत होती, पण तिला बायकांची, कॉलेजकुमारांची गाडी म्हणून हिणवलं जाई. फोर्डला तिच्यावर रेसिंगचा शिक्का हवा होता. एससीसीएच्या लेखी स्पोर्ट्स कार दोन सीटची. मस्टँगला मागे बाक होता. रेसिंगच्या गाड्या बांधणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या कारखान्याने तो बाक काढला, तिथे फायबरग्लासचा कप्पा बसवला आणि वर स्टेपनी ठेवली. झाली दोन सीटची. दुसरी अट अशी की ठरावीक तारखेपर्यंत शंभर गाड्या तयार दिसल्या पाहिजेत. १ जानेवारी १९६५ च्या आत तेवढ्या उभ्या केल्या गेल्या. २८९ घन इंचाच्या इंजिनाची ती गाडी बी प्रॉडक्शनमध्ये गेली आणि १९६५, १९६६, १९६७ अशी सलग तीन वर्षं त्या वर्गाचं राष्ट्रीय अजिंक्यपद तिच्याकडे राहिलं.

आज एखादा साधी मस्टँग फास्टबॅक घेऊन, पट्टे मारून, मागचा बाक काढून येतो आणि बी प्रॉडक्शन मागतो. काही क्लब देतात, काही सेदान वर्गात पाठवतात. दोन्ही निर्णयांच्या बाजूने बोलता येतं. माझं मत विचाराल तर गाडी त्या काळच्या नियमात बसेल अशी बांधली असेल आणि मालक तिला खरी जीटी३५० म्हणून मिरवत नसेल, तर हरकत नसावी.

गाडी किती जुनी हवी?

क्लबागणिक उत्तर बदलतं. ब्रिटनच्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबची स्थापना १९३४ ची. त्यांच्या लेखी १९३० सालापर्यंतचीच गाडी व्हिंटेज, १९१८ पर्यंतची एडवर्डियन. अमेरिकेत व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका १९५८ पासून आहे आणि तोही जुन्याच गाड्यांकडे झुकलेला. पुढे निघालेले क्लब मात्र बरेच सैल आहेत.

अमेरिकेत तुमच्या कानावर सर्वांत जास्त पडणारं वर्ष १९७२. पुष्कळ क्लब उत्पादित स्पोर्ट्स गाड्यांची रेघ तिथे ओढतात आणि तयारीसाठीही त्या वेळचं एससीसीएचं नियमपुस्तक प्रमाण मानतात. त्यानंतर गुळगुळीत स्लिक टायर, फुगवलेले मडगार्ड आणि मोठे पंख वाढत गेले आणि गाड्यांची जातच बदलली. १९७२ नंतरच्या गाड्यांनाही अनेक ठिकाणी जागा आहे, पण वेगळ्या ग्रुपमध्ये.

एक बारकावा. विचारात गाडीचं मॉडेल आणि घडण घेतात, नोंदणीच्या कागदावरची तारीख नाही. १९७४ ची गाडी जर १९७२ च्या गाडीसारखी हुबेहूब असेल आणि त्याच पद्धतीने तयार केली असेल, तर बहुतेक क्लब तिला आत घेतात.

एमजी मिजेट स्वस्तात मिळतेय. ती कुठल्या वर्गात बसेल?

कुठली मिजेट, यावर सगळं अवलंबून. मिजेट आणि ऑस्टिन-हीली स्प्राइट या एकाच साच्याच्या गाड्या, वेगळ्या बिल्ल्याच्या. म्हणून इकडे दोघींना मिळून 'स्प्रिजेट' म्हणतात. बाहेरून फरक थोडा, पण बॉनेटखाली चार वेगळ्या गोष्टी सापडतात.

१९५८ ते १९६१ ची पहिली स्प्राइट आणि सुरुवातीच्या मिजेटमध्ये ९४८ सीसी. १९६२ च्या शेवटापासून १,०९८ सीसी. १९६६ च्या शेवटापासून १,२७५ सीसी. ही तिन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची ए-सिरीज इंजिनं, मिनीत असतात तीच. जुन्या एससीसीए वर्गात यांची साधारण वाट एच, जी आणि एफ प्रॉडक्शन अशी. चौथी म्हणजे १९७४ च्या शेवटी आलेली काळ्या रबरी बंपरची मिजेट. तिच्यात ट्रायम्फचं १,४९३ सीसीचं इंजिन आहे. बाजारात हीच सर्वांत स्वस्त मिळते. का, ते आता लक्षात आलं असेल: १९७२ च्या रेघेपलीकडची आहे. बंपर काढून, गाडी खाली बसवून, जुनं १,२७५ चं इंजिन घालून ती काही क्लबांत चालवता येते, पण एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा आधीची गाडी थोडी महाग घेतलेली परवडते.

बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडून इंजिन ब्लॉकवरचा क्रमांक वाचा. ९४८ ची चासी आणि आत १,२७५ ठोकलेलं, असा प्रकार सर्रास आढळतो. रस्त्यावर मजा येते. रेसिंगला मात्र अशी गाडी ९४८ च्या वर्गातून बाद, आणि १,२७५ वाल्यांसमोर तिचे ब्रेक कमी पडतात, कारण पहिल्या स्प्राइटला पुढे डिस्क नव्हते, ड्रम होते.

इंजिन बोअर केलेलं आहे. वर्ग बदलतो का?

थोडं बोअर करणं, म्हणजे सिलिंडर आतून रुंद करणं, सगळ्यांना मान्य असतं, कारण साठ वर्षं जुना ब्लॉक झिजणारच आणि ओव्हरसाइज पिस्टन घातल्याशिवाय तो पुन्हा उभा राहणार नाही. किती, ते प्रत्येक क्लब सांगतो.

९४८ च्या इंजिनाचं गणित करून बघा. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६२.९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७६.२ मिमी, सिलिंडर चार. व्यासावरून वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून स्ट्रोक आणि चारने गुणलं की साधारण ९४७ सीसी येतात. आता साठ थाऊ (इंचाचे साठ हजारांश), म्हणजे दीड मिमी, बोअर मारला की सुमारे ९९३ सीसी होतात. ४५ सीसीने कोणी आकाशात उडत नाही. याउलट स्ट्रोक वाढवला, म्हणजे क्रँकच दुसऱ्या इंजिनाचा घातला, तर तो दुरुस्तीचा भाग राहत नाही. २४०झेडच्या २,३९३ सीसीच्या इंजिनाऐवजी पुढच्या २८०झेडचं मोठं इंजिन बसवणं हा याच जातीचा मामला. अशी गाडी निकालाच्या कागदावर 'सुधारित' वर्गात जाते किंवा वरच्या ग्रुपमध्ये ढकलली जाते. काही क्लब सरळ नाही म्हणतात.

कार्बुरेटरचंही तसंच. मूळ गाडीवर एसयू बनावटीचे दोन असतील आणि तुम्ही वेबर बनावटीचे लावलात, तर प्रश्न इतकाच: त्या काळच्या नियमपुस्तकात त्या गाडीला वेबरची परवानगी होती का? होती, तर कागद दाखवा. पाच गिअरचा आधुनिक डॉग-बॉक्स, इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन, लॅप मारताना आपोआप गिअर बदलणाऱ्या कळा यांना मात्र जवळजवळ कुठेच थारा नाही.

लोक खोटं सांगत असतील तर? इंजिन तर बंद असतं.

इंजिन न उघडता सीसी मोजता येतात. एका सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून तिथे नळी बसवतात, त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद राहतील अशी सोय करतात आणि स्टार्टरने इंजिन फिरवतात. पिस्टन जितकी हवा ढकलतो तितकी वर काचेच्या नळीतली खूण उचलली जाते. आकडा चारने गुणला की झालं. कॉम्प्रेशन रेशो मोजायला वेगळं यंत्र असतं. ते प्लगच्या भोकाशी धरलं की शिट्टीसारखा आवाज होतो आणि त्या स्वरावरून उत्तर निघतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला भोंदूगिरी वाटते, पण पद्धत पक्की आहे.

व्हिंटेज रेसिंगमध्ये असली तपासणी क्वचित होते. तिथे जास्त काम करते ती लाज. सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, पॅडॉकमध्ये शेजारी तंबू ठोकतात, स्पॅनर उसने घेतात. एखादी एमजीबी अचानक सरळ रस्त्यावर सगळ्यांना सोडून पळू लागली की संध्याकाळी तिच्याभोवती लोक नुसते हात मागे बांधून उभे राहतात. तरी 'हळूहळू वाढ' होतेच. एकाने चांगली कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घातली की दुसरा घालतो, आणि दहा वर्षांत सगळा वर्ग १९७२ च्या अजिंक्य गाड्यांपेक्षा वेगात धावू लागतो. या खेळाची खरी दुखरी नस हीच आहे आणि तिच्यावर कुठल्याच क्लबाला पुरतं औषध सापडलेलं नाही.

टायरवरून एवढी भांडणं का होतात?

कारण लॅपची वेळ कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग तोच. आधुनिक चिकट रबर लावलं की साधी गाडीही वरच्या वर्गाच्या वेळा मारते, आणि त्या पकडीचा ताण साठ वर्षं जुन्या हबवर आणि स्टब अ‍ॅक्सलवर येतो. ते तुटले की चाक गाडीच्या आधी वळणावर पोचतं. म्हणून क्लब नक्षीचे टायर सांगतात, रुंदी आणि उंचीचं प्रमाण ठरवून देतात आणि बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्या टायरची यादीच असते. रिमची रुंदीही त्या काळाची.

लॉगबुक नसलेली गाडी घ्यावी का?

एससीसीएची जुनी रेसिंग गाडी असेल तर तिच्यासोबत एक पातळ वही असायला हवी. कुठल्या ट्रॅकवर कधी धावली, तपासणीत काय दोष निघाला, कधी ठोकली, सगळं तारखेनिशी. पहिल्या पानावर गाडीचा आणि रोल बारचा (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या लोखंडी कमानीचा) फोटो, वर्ग लिहिलेला. ही वही वर्गाच्या वादात वकिलासारखी उभी राहते. 'ही गाडी १९७० साली याच कार्बुरेटरवर एफ प्रॉडक्शनमध्ये धावली' हे वहीत असेल तर पुढे बोलणं खुंटतं.

लॉगबुक नसलं तरी गाडी बाद होत नाही. रस्त्यावरच्या गाडीची आज नव्याने तयारी करता येते आणि क्लब नवी वही देतो. फक्त किंमत ठरवताना फरक धरा. वही हरवली असं विकणारा म्हणाला, तर जुने फोटो, निकालाचे कागद, काहीतरी मागा. अजिबात काही नसेल तर ती गाडी इतिहास नसलेली समजूनच पैसे द्या.

वर्ग चुकीचा दिला असं वाटलं तर?

तपासणी अधिकाऱ्याकडे नियमपुस्तकाचं पान घेऊन जा, शांतपणे. रेसच्या दिवशी सकाळी, ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत), हेल्मेट काखेत घेऊन जाऊ नका. हे काम हिवाळ्यात ईमेलवर करायचं असतं. अधिकारी बहुतेक जण पदरमोड करून आलेले स्वयंसेवक असतात.

जिंकलं तर काय मिळतं?

बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. एखादा मग, कधी टोपी. १९७४ साली स्टीव्ह अर्ल यांनी कॅलिफोर्नियात लगुना सेका ट्रॅकवर मोंटेरे हिस्टॉरिक ही जुन्या गाड्यांची शर्यत सुरू केली, तेव्हापासून रुळलेला विचार असा की गाडी हीच मानकरी, चालवणारा तिचा सारथी.

म्हणूनच धक्काबुक्कीला शिक्षा कडक. अमेरिकेतले बरेच व्हिंटेज क्लब तेरा-तेरा नावाचा नियम पाळतात. चूक तुमची ठरली तर तो वीकएंड संपला आणि पुढे तेरा महिने तुमच्यावर नजर. त्या तेरा महिन्यांत पुन्हा घडलं तर तेरा महिने घरी. आधुनिक क्लब रेसिंगमधून येणाऱ्यांना हे सुरुवातीला जाचक वाटतं. समोरच्या कोब्राचा दरवाजा किती डॉलरचा असतो हे कळलं की वाटेनासं होतं.

युरोपात हेच वर्ग चालतात का?

नाही. तिथे एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमांतल्या परिशिष्ट के मधले कालखंड चालतात. १९०४ पर्यंत ए, १९१८ पर्यंत बी, १९३० पर्यंत सी, १९४६ पर्यंत डी, मग १९६१ पर्यंत ई, १९६२ ते ६५ एफ, १९६६ ते ६९ जी-१, आणि असं पुढे. इथे अक्षर वेग सांगत नाही, काळ सांगतं; त्यामुळे अमेरिकेतली ई प्रॉडक्शन आणि युरोपातली ई यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. कालखंडाच्या आत पुन्हा सीसीनुसार पोटवर्ग पडतात. सोबत गाडीचा तांत्रिक पासपोर्ट लागतो, ज्यात तिचा प्रत्येक भाग फोटोंसह नोंदलेला असतो. शिस्त कडक, खर्चही तसाच. पण 'हळूहळू वाढी'ला आळा घालायला युरोपची पद्धत जास्त उपयोगी पडते, असं मला वाटतं.

सुरक्षेचे नियमही त्या काळचेच का?

नाही हो! गाडी १९६२ ची, माणूस आजचा. रोल बार, आगीपासून जपणारा सूट, चालू प्रमाणाचं हेल्मेट, मान सावरणारं हान्ससारखं साधन, पाच किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस हे सगळं आधुनिक लागतं. हार्नेसवरची तारीख बघा. एसएफआय या अमेरिकी सुरक्षा-प्रमाण संस्थेच्या शिक्क्याचे पट्टे दोन वर्षांत बदलावे लागतात, एफआयएचे पाच वर्षांत. न वापरता गॅरेजमध्ये टांगलेले असले तरी. याने वर्ग बदलत नाही, त्यामुळे इथे काटकसर करण्याचं काही कारणच नाही.

भारतात असं रेसिंग होतं का? मुंबई-पुण्यात जुन्या गाड्या तर भरपूर निघतात.

निघतात, पण बहुतेक रॅली आणि प्रदर्शनासाठी. तिथे परीक्षक गाडी मूळ रूपात किती आहे हे बघतात. ट्रॅकवरचा वर्ग हा प्रश्नच येत नाही. तशी आपल्याकडे हौशी रेसिंगची परंपरा जुनी आहे. चेन्नईजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या हवाईपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती होत. इकडे अमेरिकेतही १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गावातल्या रस्त्यांवरच्या शर्यती बंद पडल्यावर हवाई दलाच्या तळांवरच खेळ तगला होता. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला आणि शोलावरम मागे पडलं.

कायद्याच्या बाजूने २०२१ सालचे केंद्रीय नियम लक्षात ठेवा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, नोंदणी शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे आणि रोजच्या वापराला बंदी. त्यामुळे घरची जुनी गाडी रेससाठी कापायला घेण्याआधी दोनदा विचार करा. आजोबांची गाडी असेल तर तीनदा.

लायसन्स लागतं?

लागतं, क्लबचं. एससीसीएची किंवा व्हिंटेज क्लबची ड्रायव्हिंग शाळा करावी लागते, डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो, सुरुवातीला नवशिक्याची परवानगी मिळते. एका क्लबचं लायसन्स दुसरे क्लब बहुधा मानतात.

आता तरी सांगा, कुठली गाडी घेऊ?

आधी घरापासून तीन-चार तासांवरचे ट्रॅक बघा. तिथे कोण रेस भरवतं ते शोधा. त्यांच्या मागच्या वर्षीच्या निकालाच्या याद्या काढा आणि कुठल्या वर्गात दहा-बारा गाड्या नेमाने येतात ते पाहा. एकट्याच्याच वर्गात धावण्यात काही गंमत नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडे आणि कॅलिफोर्नियात स्प्रिजेट, एमजीबी, टीआर४, अल्फा ज्युलिया, डॅटसन ५१० अशा गाड्या भरपूर येतात, सुटे भाग मिळतात आणि शेजारच्या तंबूत तुमच्या गाडीचं हेड गॅस्केट शिल्लक असतं. दुर्मिळ गाडीची हौस असेल तर ती दुसरी गाडी म्हणून घ्या.

मग त्या वर्गात आधीच धावत असलेली, लॉगबुक असलेली गाडी शोधा. स्वतः रस्त्यावरच्या गाडीची रेसिंग गाडी बनवायला निघालात, तर तयार गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे रोल बार, इंजिन आणि इंधनाच्या सुरक्षित टाकीतच जातात. पैसे देण्याआधी गाडीचे फोटो, इंजिन क्रमांक आणि लॉगबुकची पानं क्लबच्या तपासणी अधिकाऱ्याला पाठवून 'हिला कुठला वर्ग द्याल?' असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विकणाऱ्याच्या शब्दावर भागवू नका, तो कितीही भला असला तरी.

नुसतं बघायला कुठे जावं?

पूर्वेकडे असाल तर कनेक्टिकटमधला लाइम रॉक, लेबर डेच्या सुट्टीत. पश्चिमेला ऑगस्टमध्ये लगुना सेका. पॅडॉक बहुतेक ठिकाणी प्रेक्षकांना खुला असतो आणि मालक गप्पांना तयार असतात; फक्त गाडी जॅकवर असताना प्रश्न विचारू नका. लाइम रॉकला रविवारी रेस होत नाही. शेजाऱ्यांच्या दाव्यावर १९५९ साली कोर्टाने रविवारच्या शर्यती बंद केल्या, त्या आजही बंद आहेत. त्या दिवशी गाड्या नुसत्या मांडून ठेवतात. इंजिनांचा आवाज ऐकायचा असेल तर शनिवारी किंवा सोमवारी जा, आणि लहान मुलं सोबत असतील तर त्यांच्या कानांसाठी काहीतरी न्या.